मुक्कामाची गाडी

विजापूर मागं टाकून पुढं निघालो, तर रस्त्याकडेच्या शेतातून धूर येत होता. ह्यांनी काही न बोलता गाडी कडेला घेतली. मीही काही विचारलं नाही, कारण वास मलाही आला होता. ज्वारीचं कोवळं कणीस गोवऱ्यांच्या आरात पडलं की जो वास सुटतो, तो मुलूख बदलला तरी बदलत नाही. शेतकऱ्यानं हात करून बोलावलं, तळहातावर गरम दाणे ठेवले आणि म्हणाला, "सीतनी." हे म्हणाले, "हुरडा." तो पुन्हा म्हणाला, "सीतनी." हे पुन्हा म्हणाले, "हुरडा." दोघांपैकी एकही मागं हटेना. मी मात्र तेवढ्या वेळात दोन वाट्या संपवल्या. पहिला घास तोंडात गेला आणि मी सरळ हसनाबादला जाऊन पोचले, मागच्या हिवाळ्यात, आक्काच्या शेतात.

आमचं हे फिरणं लोकांना अजून पचलेलं नाही. हे जन्मभर एसटीचे ड्रायव्हर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. ह्यांचे रस्ते ठरलेले. जालना-मंठा, जालना-अंबड, जालना-हसनाबाद. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाच हे मला म्हणाले, "मंदा, आता अशा रस्त्यानं जायचं की जिथून फिरून माघारी यायचं न्हाई." मला वाटलं, भावनेच्या भरात बोलतायत. पण महिन्याभरात दारात एक जुनी व्हॅन उभी. मागची सीटं काढून फळी ठोकली, फळीवर गादी, गादीखाली स्टोव्ह, डबे आणि माझी पुस्तकं. जालन्याचं घर भाड्यानं दिलं आणि निघालो. आमच्या लेकीनं फोनवर कपाळाला हात लावला, तो मला इकडं दिसला.

घर भाड्यानं दिल्याची गंमत अशी, की फिरून फिरून दमल्यावर थोडे दिवस थांबायला आलं की आम्ही आमच्याच जिल्ह्यात सगळ्यांचे पाहुणे होतो. मागच्या पौषात ओडिशाकडून आलो ते असेच. गाडीचं काम निघालं होतं, माझ्या गुडघ्यांचंही निघालं होतं. दोन आठवडे थांबू, सगळ्यांना भेटू आणि दक्षिणेला निघू, असा बेत होता. बेत सोपा दिसत होता. पण आमच्या भागात भेटणं वेगळं आणि मुक्काम वेगळा, हे मी फिरतीत विसरत चालले होते.

आमच्याकडं माणूस किती जवळचा, हे तो मुक्कामाला राहतो की नाही यावर ठरतं. चहा पिऊन गेला तर तो येऊन गेला, एवढंच. जेवून गेला तर बरं झालं. राहिला, रात्री अंथरुणावर पडून इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, सकाळी राखुंडीनं दात घासत अंगणात उभा दिसला, की तो आपला. म्हणून दारात पाऊल टाकल्या टाकल्या पहिला प्रश्न येतो, "मुक्काम हाय ना?" या प्रश्नाला "नाही" म्हणणाऱ्यानं पुढचे सहा महिने फोनची वाट बघू नये.

आणि माझा नवरा! त्याला घरात झोपच येत नाही.

ही काही ह्यांची आजची खोड नाही. खेड्यात रात्रीची शेवटची गाडी जाते, ती तिथंच उभी राहते आणि भल्या पहाटे परत निघते, तिला मुक्कामी गाडी म्हणतात. ह्यांच्या नोकरीतल्या अर्ध्या रात्री अशा गाड्यांत गेल्या. शेवटच्या लांब सीटवर सतरंजी, उशाला टॉवेलची घडी. लग्नानंतर कित्येक वर्षं मला हे कळत नव्हतं, की घरी पलंगावर टक्क जागा असणारा हा माणूस मुक्कामावरून परत येतो तेव्हा इतका ताजातवाना कसा. तेव्हा वाईट वाटायचं. आता सांगायला हरकत नाही, त्या गाडीचा मला सवतीसारखा राग यायचा. फिरायला निघालो आणि पहिल्याच रात्री, कुठल्याशा पेट्रोल पंपाच्या मागं, त्या फळीवर हे पाच मिनिटांत घोरायला लागले. मी ते घोरणं कौतुकानं ऐकत पडले. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी का होईना, आपल्याला ह्यांच्या मुक्कामाला यायला मिळालं.

पण जे मला गोड वाटलं ते यजमानांना कसं वाटावं? पहिला पडाव मंठ्याला, माझ्या शकुंतलेकडं. आम्ही दोघी एकाच शाळेत नोकरीला लागलो, एकाच डब्यात जेवलो. तिनं गेटातच "जय भीम, मंदाबाई, वाळलीस गं!" म्हणून मिठी मारली. वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, मोठ्या प्रेमानं नवी चादर घातलेली खोली. आणि हे जेवून, पान खाऊन, सगळ्यांना "बरं, झोपतो आता" म्हणून शांतपणे बाहेर जाऊन गाडीत झोपले. सकाळी कॉलनीतली निम्मी माणसं गाडीभोवती. समोरच्या काकांनी शकुंतलेला विचारलंच, "बाई, पाव्हण्याला बाहेर काढलं का काय?" शकुंतला झाडू घेऊन आली आणि काचेवर टकटक करून म्हणाली, "दत्ताभाऊ, उठा. कॉलनीत माझं नाक कापून राह्यले तुम्ही." हे डोळे चोळत हसले. शकुंतलाही हसली, कारण ती शकुंतला आहे.

आक्का हसणार नव्हती.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सासूबाई लवकर गेल्या. नवरीबरोबर पाठराखीण जाते, तसा आक्काबरोबर तिच्या लग्नात चड्डीतला भाऊ गेला आणि हसनाबादलाच राहिला. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, पुढं ड्रायव्हर झाल्यावर पहिल्या दिवशी गाडीच्या चाकावर नारळही तिनंच फोडला. नंतर तिनं आणि भावजींनी रस्त्याच्या कडेला दोन खोल्यांचं सिमेंटचं घर बांधलं. घराला वर्ष झालं न झालं तोच भावजी गेले. पोरगा सुधाकर तेव्हा रांगत होता. तेव्हापासून आक्कानं शेत केलं, पोराला शिकवलं, आणि भावावर एकच राग धरला. हा मुक्कामी गाडी घेऊन हसनाबादला यायचा, तिच्या हातचं जेवायचा आणि झोपायला गाडीत जायचा. तिच्या त्या घरात तो एकदाही झोपला नाही.

इतकी वर्षं हा राग लटका होता. मागच्या पौषात त्याला धार आली. सुधाकर संभाजीनगरला नोकरीला, त्यानं आईला कायमचं घेऊन जायचं ठरवलं होतं. तिच्या डोळ्यांचं, रक्तदाबाचं बघायला गावात कोणी नाही. ज्वारी निघाली की घराला कुलूप लागणार होतं. आम्ही मंठ्यात असतानाच तिचा मला फोन. ह्यांना नाही, मला.

"काहून गं मंदा, तुझा डायवर मंठ्यात बी गाडीतच झोपला म्हने?"

"आक्का, त्यांची सवयच—"

"सवय असंल. त्येला सांग, माझ्या घराला आता थोडेच दिस राह्यले. आला तर मुक्कामाला ये म्हनावं, आत. न्हाईतर येऊच नको बिलकुल. चहापुरते पाव्हणे मला नगं."

मी निरोप सांगितला. हे गाडीचं तेल तपासत होते. "बघू," एवढंच म्हणाले आणि तेल पुन्हा तपासलं. मला राग आला. मी म्हटलं, बाई आयुष्यात एकच गोष्ट मागतेय, तीही फुकटची, आणि तुम्ही तेल काय बघता? हे म्हणाले, "तुला न्हाई कळायचं." नवऱ्यांचं हे एक हुकमी वाक्य असतं. त्याच्यापुढं बोलणं संपतं आणि डोकं मात्र चालत राहतं.

हसनाबादला जायच्या आधी अंकुशनगरला रशीदभाईंकडं गेलो. हे ड्रायव्हर असताना रशीदभाई कंडक्टर होते. आता मुलाकडं राहतात, कारखान्याच्या वसाहतीत. हंगाम जोरात होता. उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा तो आंबट-गोड वास. हे कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं इंजिन बघायला गेले, कारण इंजिन दिसलं की ह्यांना राहवत नाही. मी रशीदभाईंपुढं मन मोकळं केलं. आक्काचं घर, कुलूप, हट्ट, सगळं. त्यांनी दाढी कुरवाळली.

"भाभी, तुम्हाला त्यानं कधी सांगितलंच न्हाई?"

"काय?"

"हसनाबादला आम्ही गाडी स्टँडावर लावत नव्हतो. आक्काच्या घरासमोर लावायचो. गाडीचं तोंड बराबर तिच्या दाराकडं. मी म्हनायचो, दत्ताभाऊ, इथं नाली हाय, मच्छर खाऊन राह्यले, जरा पुढं घ्या. तर म्हने, इथून दार दिसतं. एकटी बाई, लहान लेकरू, नवीन घर रस्त्यावर. मालक जाऊन दोन महिने झाल्ते तेव्हा."

मी म्हटलं, "मग आतच का नाही झोपले? बहिणीचंच तर घर."

रशीदभाई हसले. "मी बी हेच विचारलं. तर म्हने, रशीद, आक्काच्या घरात मला लई गाढ झोप लागती, लहानपणापासून. आत झोपलो तर दार कोन बघंल? आन् पहाटची गाडी कोन काढीन? पोरं कॉलेजला जातेत, दूध जातं, दवाखान्याचे पेशंट जातेत."

चहा थंड झाला, सुनेनं दुसरा आणला. माझ्या घरी पलंगावर टक्क जागा असणारा माणूस मला आठवला, आणि पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. हसनाबादला तो घर राखत जागा राहायला शिकला होता, आणि घरात ते शिकणं त्याला सोडता येत नव्हतं. तोपर्यंत हे काळे हात घेऊन परतले आणि खुशीत म्हणाले, "नोझल गेलंय त्याचं."

हुरड्याच्या दिवसांत आमच्याकडची सकाळ वेगळीच असते. ज्वारीवर दव, हरभऱ्याच्या पानांवर आंब, चालताना साडीचा काठ ओला होतो आणि पाय चुरचुरतात. बोरीखाली बोरांचा सडा. उन्हात बसावं तर पाठ तापते, सावलीत बसावं तर हुडहुडी. विजापूरच्या त्या शेतातही सगळं असंच होतं, पण तिथं मला कोणी "अगं पोरी, सरक, धूर तिकडं येऊन राह्यला" असं म्हणणारं नव्हतं. आपल्या मुलखाची ओढ म्हणजे माझ्यापुरती एवढीच आहे. डोंगर, नद्या, समुद्र मी सगळे पाहिले, त्यांच्यातल्या एकानंही मला सरक म्हटलं नाही.

आक्कानं दारात भाकरतुकडा ओवाळला, माझ्यावरून. ह्यांच्यावरून ओवाळताना तोंड दुसरीकडं. ती ह्यांच्याशी बोलतच नव्हती. सगळं माझ्यामार्फत. "मंदा, विचार तुझ्या डायवरला, चहात साखर चालती का." हे माझ्या शेजारी बसलेले. मी विचारायची, हे मला सांगायचे, मी आक्काला सांगायची. शाळेत भांडलेल्या पोरांना मी हेच करायला बंदी घालत असे. घरात गाठोडी बांधून झाली होती. भिंतीवर फोटो काढल्याच्या खुणा दिसत होत्या. आक्काचं लक्ष मात्र त्या खुणांकडं नव्हतं, ह्यांनी गाडीतून पिशवी आत आणली का, याच्याकडं होतं. ह्यांनी पिशवी आणली नव्हती.

दुपारी शेतात आगटी पेटवली. आक्का गोवऱ्या नीट करत होती, हे पलीकडं बसून गरम कणसं तळहातावर चोळत होते. फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि दाणे आमच्यापुढं सारायचे. लसणाची चटणी, जवसाची चटणी, गूळ, दह्याचं मडकं. मधे धूर आणि अबोला. मला तो अबोला सोसवेना. मी म्हटलं, "आक्का, रशीदभाई भेटले होते," आणि सगळं सांगून टाकलं. गाडीचं तोंड, नाली, मच्छर, दार. ह्यांनी एकदा माझ्याकडं असं बघितलं, की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी गप्प बसले असते.

आक्का काही चकित झाली नाही. तिनं एक गोवरी उलटी केली.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "बाकीच्या दिशी मी आतून कडी लावायची, अडसर लावायची, वर पाटा टेकवायची. तरी डोळ्याला डोळा लागत नसायचा. ह्याची गाडी आली का मी कडी बी लावत नव्हते. हप्त्यातून तेवढ्याच राती झोपले मी. त्या वक्ताला."

आरातलं एक कणीस तडतडलं. मला वाटलं, आता ह्यांची सुटका झाली. बाईला सगळं ठाऊक आहे, मग हट्ट कशाचा? पण आक्का उठली, आगटीला वळसा घालून ह्यांच्यापाशी आली, आणि आल्यापासून पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलली.

"दत्ता, तव्हा तू जागलास म्हनून मी झोपले. आता माझ्या घरात तू झोप. पहाटची गाडी दुसरं कोनीबी काढीन रे."

ह्यांनी मान वर केली नाही. हातातलं कणीस चोळत राहिले. सगळे दाणे कधीच पडून गेले होते.

आता आक्का संभाजीनगरला आहे, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला ती पाळणा म्हणते. सून चांगली आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालं, सकाळी खालच्या बागेत इतर बायकांबरोबर फिरते आणि त्यांना ज्वारीच्या जाती सांगते. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, आता थेट ह्यांना. कुठं आहात, जेवलात का, आणि मग हमखास, "मुक्काम कुठं?" ह्यांनी गावाचं नाव सांगितलं की ती ते परत म्हणून बघते, तिच्या जिभेवर त्याचं काहीतरी भलतंच होतं. विजापूरच्या दिवशी ह्यांनी तिला सांगितलं, "आक्का, इथं हुरड्याला सीतनी म्हनतेत." तिनं तेही एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "म्हनू दे. खाल्ला ना पोटभर?"

तर हसनाबादला त्या दिवशी शेतातून आलो, जेवलो. ह्यांनी अंगणात गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ मारून हवा बघितली, दारं तपासली. मग गादीवरची चादर आणि उशी काढली, ती काखोटीला मारून माझ्यापुढं आले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"गाडीत कोनीतरी पायजे," म्हणाले. "तू झोप गाडीत."

मी आ वासून बघत राहिले. राखणीची जन्मभराची सवय अशी एका झटक्यात कुठं सुटते? पण कुरकुर केली नाही. आक्कानं तर हसू लपवायला पदर तोंडावर घेतला. भाऊ आत, भावजय गाडीत. गावाला चघळायला नवा विषय.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. काचेवर दव होतं, ते मी हातानं पुसलं. गाडीचं तोंड बरोबर आक्काच्या दाराकडं होतं. ह्यांनी ती तशीच लावली होती. दार सताड उघडं. उंबऱ्यावर आक्का बसलेली, डोक्यावरून शाल घेतलेली, शेजारी झाकण घातलेला चहा. हे उठलेले नव्हते. आमच्या लग्नापासून मी ह्यांना उन्हं आल्यावर झोपलेलं पाहिलं नव्हतं. मला आत जाऊन बघावंसं वाटलं, पण आक्काकडं बघून मी जागची हलले नाही. कोंबडं अंगणात आलं, तिनं ते हुसकावलं. शेजारचा माणूस ट्रॅक्टर सुरू करायला निघाला, त्याला तिनं हातानंच थांबवलं.

तेवढ्यात स्टँडाकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. उशीर झालेली मुक्कामी गाडी, जालन्याला निघालेली. आक्काच्या घरापाशी वळण आहे, तिथं प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न देतो. ह्यांनी स्वतः हजारदा दिला असेल. गाडी दिसू लागली तशी आक्का उठली, लगबगीनं रस्त्यावर गेली आणि मधोमध हात वर करून उभी राहिली. मी काच खाली केली. गाडी थांबली. ड्रायव्हर नवा, तरुण होता. त्यानं डोकं बाहेर काढलं.

"चला मावशी, जल्दी. कुठं जायचं?"

"मला कुठं जायचं न्हाई," आक्का म्हणाली. "हारन वाजवू नको, बाबा. माझा भाऊ झोपलाय."